सुगीच्या लिलावात सरकारी गहू

रेशनचं दुकान कुणाला द्यावं याबद्दल सरकारची काही ठाम मतं आहेत, आणि त्या मतांत मी कुठंच बसत नाही. माझी पहिली अडचण म्हणजे मी बाई नाही. दुसरी म्हणजे मी गट नाही, एकटाच आहे. हे मला तालुक्याच्या कचेरीत खिडकीमागच्या माणसानं सांगितलं, तेही भाकरीचा तुकडा मोडता मोडता. मी म्हणालो, "साहेब, माझं किराणा दुकान आहे, पक्की जागा आहे, शिक्क्याचा काटा आहे, रांजणगावच्या कंपनीत आयुष्यभर स्टोअर सांभाळलंय."

"काका, तुमचं ह्यात काय काम न्हाई," तो म्हणाला. "ग्रामपंचायत चालंल, महिला बचत गट चालंल. घरी मंडळी हायेत ना? त्यास्नी पाठवा."

अर्ज करायला गेलेल्या माणसाला 'बायकोला पाठव' असं सांगून परत पाठवणं हा अपमान आहे की नाही, यावर मी शिरूरपासून मिशनवाडीपर्यंत एसटीत विचार केला. आहे, असंच उत्तर आलं. पण मला ते दुकान हवं होतं, त्यामुळं अपमान पिशवीत ठेवून मी घरी गेलो.

का हवं होतं ते सांगतो. आमची मिशनवाडी निमोण्याच्या पुढं, हमरस्त्यापासून आत. एक जुनं चर्च, त्याच्याभोवती आमची ख्रिस्ती घरं, पलीकडं मुसलमानांची आळी, मग मळे. वाडीतलं रेशनचं दुकान म्हाळूआप्पा चालवायचे. त्यांना गुडघे साथ देईनात म्हणून त्यांनी ते सोडलं आणि वाडीची सगळी कार्डं खालच्या गावाला जोडली गेली. आता माणूस गहू आणायला खालच्या गावाला जातो तेव्हा मीठ, तेल, साबण आणि गप्पाही तिथूनच आणतो. माझ्या 'बेथेल किराणा'त लोक फक्त सुटे पैसे मागायला आणि कुरियरवाल्यांना पत्ता समजावून सांगायला यायचे. हडपसरहून आमची स्वीटी दर रविवारी फोन करायची, "पप्पा, मे महिन्यात दुकान बंद करा आणि इकडं या. सातव्या मजल्यावर वारा इतका छान येतो." तिच्या त्या वाऱ्याची मला धास्ती बसली होती. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, परत येऊन बाल्कनीत बसायचं, आणि संध्याकाळी पुन्हा त्याला आणायला जायचं. माझ्यासारख्या माणसाला घडी घालून कपाटात ठेवण्याचाच हा प्रकार होता. रेशन वाडीत परत आलं तर माणसं येतील, माणसं आली तर दुकान तरेल, दुकान तरलं तर मी तरेन. हिशोब सरळ होता.

आमची रिबेका 'पहाट महिला बचत गटा'ची अध्यक्ष. गटात सगळ्या आळ्यांच्या बायका, सचिव मळ्यातली तेजश्री. मी विषय काढला तेव्हा रिबेका भाजी निवडत होती.

"दुकान गटाचं राहील," ती म्हणाली.

"गटाचंच."

"जागा तुमची वापरू. पण तुम्ही मधी मधी करायचं न्हाई."

"मी कशाला मधे मधे करू?" मी म्हणालो. पुढं जे काही झालं ते या वाक्यानंतर झालं, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

पहिली पायरी महिला ग्रामसभेची. ठराव व्हायला पुरेशा बायका हव्या होत्या आणि त्याच दिवशी सगळ्या बायका जयसिंगमामांच्या रानात कांदा काढायला गेलेल्या. मी धापा टाकत बांधावर गेलो आणि त्यांना म्हणालो, "मामा, बायकांना तासभर सोडा. लोकशाहीचा प्रश्न आहे."

मामांनी तंबाखू मळली. "सोडतो की. पण त्या येईस्तवर कांदा कोण काढनार? लोकशाही?"

अशा रीतीनं ग्रामसभेत बायका हात वर करत होत्या आणि मी वाफ्यात वाकलेला होतो. कंपनीतून निवृत्त होताना मला शाल आणि घड्याळ मिळालं होतं. ते घड्याळ त्या वाफ्यात पडलं. ते शोधायला आणखी वाकलो ते बायका परत येईपर्यंत मला सरळ होता आलं नाही. तेजश्री म्हणाली, "काका, ठराव झाला. आन् तुम्ही कांदं पातीसकट अर्धंच तोडल्यात."

ठरावानंतर दाखले, दाखल्यांनंतर फोटो, फोटोनंतर जागेचा नकाशा, आणि नकाशा झाल्यावर दाखल्यांची मुदत संपल्यामुळं पुन्हा दाखले. या सगळ्या काळात मला सल्ला देण्याचं काम शेजारच्या बद्रुद्दीनचाचांनी विनामूल्य केलं. चाचा एसटीत कंडक्टर होते. दौंड डेपोत नोकरी झाल्यामुळं अख्खं सरकार आपण आतून पाहिलंय असं त्यांना वाटतं. त्यांचा प्रत्येक सल्ला 'माझं ऐकशील तर' असा सुरू होतो आणि ऐकलं नाही तर ते संध्याकाळी पुन्हा येतात.

अखेर गटाला हंगामी मंजुरी मिळाली. पहिलं धान्य येईल, निरीक्षक येऊन जागा आणि साठा बघतील, त्यांनी 'पात्र' लिहिलं तर दुकान कायमचं. 'अपात्र' लिहिलं तर कार्डं कायमची खालच्या गावाला, आणि मी सातव्या मजल्यावर.

"माझं ऐकशील तर," चाचा म्हणाले, "साहेब पयल्यांदा जमीन बघतो. वल हाय का, बीळ हाय का. तुझ्या ह्या शहाबादी फरशीच्या फटीत उंदरांचं एसटी स्टँड हाय. सिमेटाचा कोबा करून टाक."

रिबेका म्हणाली, "धान्य मंगळवारी येणारे. कशाला काढता हे आता?"

पण ती माहेरी वडगाव रासाईला एक दिवस गेली, आणि मी कोबा करून टाकला. शुक्रवारी संध्याकाळी तो इतका सुंदर दिसत होता की मी आणि चाचा दारात खुर्च्या टाकून त्याच्याकडं बघत बसलो. शनिवारी सकाळी धान्याचा ट्रक आला.

"अंकल, जल्दी बोलो, किधर उतारना है," ड्रायव्हर म्हणाला. त्याला मंगळवार ठाऊक नव्हता. त्याला फक्त पुढचं गाव ठाऊक होतं.

ओल्या सिमेंटवर गहू उतरवता येत नाही आणि ट्रकसमोर रडताही येत नाही. समोर चर्च होतं. चर्चच्या बाजूला शब्बाथशाळेची, म्हणजे रविवारी पोरांना बायबल शिकवायची खोली, कोरडी, कुलपाची. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, किल्ली दिली. पोती रचली, चलनावर तेजश्रीची सही झाली, ट्रक गेला. रिबेका दुपारी परतली, तिनं कोबा पाहिला, खोली पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि काहीही न बोलता आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी निरीक्षकसाहेबांचा फोन. "मी उद्या रविवारी कासुर्डीला घरी चाललोय. जाता जाता तुमचं बघून घेतो."

रिबेकानं फोन माझ्या हातातून घेतला. "या की साहेब. उद्या आमच्या चर्चात सुगीचा सण हाय. उपासनेला बसा, जेवा, मग निवांत तपासा."

सुगीचा सण म्हणजे आमच्याकडं मोठी गोष्ट. गहू निघाला की ज्याच्या रानात जे पिकलं त्यातलं पहिलं तो चर्चात आणतो. गहू, कांदा, भोपळे, ऊस, अंडी, कोंबडी, सगळं व्यासपीठासमोर मांडतात. उपासना झाली की त्याचा तिथंच लिलाव, आणि पैसे चर्चच्या कामाला. आणलेलं सामान आदल्या दिवसापासून ठेवतात कुठं, तर शब्बाथशाळेच्या खोलीत. ही गोष्ट मला जन्मापासून ठाऊक होती. ती मला शनिवारी मात्र आठवली नाही.

रविवारी मी नवा शर्ट घालून पुढच्या बाकावर निरीक्षकसाहेबांच्या शेजारी बसलो. शितोळेसाहेब माणूस भारदस्त, मिशी राखलेली, चर्चात पहिल्यांदाच आलेले, म्हणून जरा जास्तच शांत. पहिलं गीत सुरू झालं. मी मोठ्यानं म्हणत होतो आणि सजावट बघत होतो. उसाची कमान, भोपळ्यांची उतरंड, आणि बरोबर मधोमध एक ताठ, गलेलठ्ठ, शिवलेलं पोतं. त्याला झेंडूची माळ. पोटावर सोनेरी कागदाची मोठी चकती, तिच्यावर 'उपकारस्तुती'.

आमच्या वाडीत कुणी पोतं असं यंत्रानं शिवत नाही. गीताच्या दुसऱ्या कडव्याला माझा आवाज गेला.

माझा पुतण्या ऑस्टिन हा तरुण संघाचा अध्यक्ष, सजावटीचा प्रमुख. उभं राहायची वेळ आली तेव्हा मी मागं सरकून त्याला गाठलं. "ते पोतं कुठून आणलं?"

"खोलीतनं. लई पडली होती, काका. मधी मोकळं मोकळं दिसत होतं म्हनून एक वढलं. त्याच्यावर कसला तरी निळा शिक्का होता, दिसायला घाण. म्हनून चकती लावली. भारी बसलीय ना?"

सरकारी गव्हाचं पोतं चर्चात चढवायचं आणि लिलावात काढायचं याला कायद्यात काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण ते निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर करणाऱ्याला काय म्हणतात ते मी रिबेकाच्या तोंडून ऐकणार होतो. उपदेशाचा विषय विश्वासू कारभारी असा होता. मला त्यातला एकही शब्द आठवत नाही.

लिलाव पाळकसाहेब स्वतः पुकारतात आणि त्या दिवशी त्यांना फार चेव येतो. अंडी गेली, ऊस गेला, मग त्यांनी पोत्यावर हात ठेवला. मी बाकावरून हात हलवून 'ते नको, ते नको' अशी खूण केली.

"दानिएलभाऊंनी बोली लावली," पाळकसाहेब म्हणाले.

मी दोन्ही हात हलवले.

"दानिएलभाऊंनी स्वतःचीच बोली वाढवली. असं मन पाहिजे."

टाळ्या झाल्या. तेव्हा मला वाटलं, हेच बरं. विकत घ्यावं, गुपचूप खोलीत नेऊन ठेवावं, विषय संपला. मी छाती काढून बसलो. एवढ्यात शेजारून भारदस्त आवाज आला आणि बोली माझ्यावर गेली.

"आमची पुढच्या आठवड्यात वास्तुशांत हाय कासुर्डीला," शितोळेसाहेब माझ्या कानाशी म्हणाले. "जेवनाला देवाच्या दारचा गहू असला म्हंजी बरं. मंडळींना फोन करून सांगितलं पन, आनतो म्हनून."

मी बोली वाढवली. त्यांनी वाढवली. मी पुन्हा वाढवली. त्यांनी माझ्याकडं जरा दुखावून पाहिलं, आणि सरकारी माणूस दुखावला की तो काय लिहील याचा विचार मनात येऊनही मी पुन्हा वाढवली. तेवढ्या पैशांत धान्यबाजारात तसली दोन पोती आली असती. मागून रिबेकानं माझं मनगट धरलं.

"काय झालंय तुम्हाला? पाव्हण्यासंगट भांडताय?" ती दात आवळून म्हणाली.

"अगं, ते पोतं..."

"गप बसा."

हात तिच्या मुठीत असल्यामुळं बोली तिथंच थांबली. साहेबांनी पोतं जिंकलं. ऑस्टिननं आणि आणखी दोघांनी ते उचलून साहेबांच्या गाडीत मागं ठेवलं, माळेसकट. जेवणात मटण होतं. मी भात चिवडत होतो आणि बद्रुद्दीनचाचा शेजारी बसून सांगत होते, "माझं ऐकशील तर, साहेबाच्या विरुद्ध बोली लावायची न्हाई."

जेवण झाल्यावर साहेब कामाला लागले. कोब्याला त्यांनी बोट लावून पाहिलं, "झ्याक केलाय. वाळेस्तवर धान्य खोलीत असलं तरी हरकत न्हाई," असं म्हणाले, आणि चाचांनी मिशीला पीळ दिला. मग खोलीत गेले. गटाच्या बायका भिंतीला टेकून उभ्या. चाचांच्या पत्नी बिबीजान पदराआड काहीतरी पुटपुटत होत्या. साहेबांनी पोती मोजली. चलन पाहिलं. पुन्हा मोजली.

"एक कमी हाय."

त्यांनी चलन बायकांसमोर धरलं.

"अध्यक्ष कोन? ताई, हे पयलंच धान्य. अजून एकाला वाटप न्हाई आन् तूट? मी हे कसं पात्र लिहू?"

रिबेकाचा चेहरा उतरला. तो चेहरा मी फार वेळा पाहिलेला नाही. वर्षभर त्या बायका मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालत होत्या. बिबीजान तर पायाला पट्टी बांधून यायच्या, कारण खालच्या गावाहून गव्हाची पिशवी डोक्यावर आणताना त्या एकदा पडल्या होत्या. आणि हे सगळं माझ्या एका कोब्यापायी जाणार होतं. मला स्वतःची खरोखर लाज वाटली. हडपसरची बाल्कनीही त्या क्षणी मला फारच सौम्य शिक्षा वाटली.

"साहेब, ह्यांचा काही दोष नाही," मी म्हणालो. "धान्य इथं मी ठेवलं. पोतं कुठं आहे ते मला माहिती आहे."

"कुठं हाय?"

"तुमच्या गाडीत."

साहेबांना आधी कळलं नाही. मग ते गाडीकडं चालत गेले, आम्ही सगळे मागं. त्यांनी मागचं दार उघडलं, झेंडूची माळ बाजूला केली आणि सोनेरी चकतीची कड नखानं उचलली. खाली निळा शिक्का. हजारो वेळा पाहिलेला शिक्का माणसाला नवा वाटू शकतो, हे मला त्यांच्या मानेवरून समजलं. त्यांनी चकती पुन्हा जागेवर बसवली, अंगठ्यानं नीट दाबली, आणि कुणी पाहिलं का म्हणून वळून बघितलं. सगळं चर्च मागं उभं होतं.

पुरवठा निरीक्षक, स्वतःच्या गाडीत, रेशनचा गहू, वास्तुशांतीला. हे लिहायचं कुठल्या रकान्यात, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. फक्त लिलावात न खपलेली कोंबडी बोलत होती.

मग रिबेका पुढं झाली. "साहेब, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आमच्या चर्चात एक पद्धत हाय. पाव्हण्यानं लिलावात धान्य घेतलं की ते गोरगरिबांसाठी परत ठेवून जायचं. पुण्य लागतं."

अशी पद्धत आमच्या चर्चात कधीही नव्हती. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, रिबेकानं त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्यांनी छताकडं बघायला मान वर केली. बाहेर असल्यामुळं तिथं छत नव्हतं.

"जुनी हाय का पद्धत?" साहेबांनी विचारलं.

"फार जुनी," पाळकसाहेब आभाळाला म्हणाले.

"मंग पद्धत मोडायची न्हाई," साहेब म्हणाले, आणि ऑस्टिनला हात लावू न देता त्यांनी ते पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं, खोलीत नेलं आणि थप्पीवर ठेवलं. मग कपाळ पुसून सगळी पोती पुन्हा मोजली. चलन जुळलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि लिहिलेला कागद रिबेकाच्या हातात देताना फक्त एवढंच म्हणाले, "ताई, चकत्या जरा बघून लावा."

त्यांनी घरी गव्हाचं सांगून ठेवलं होतं, म्हणून तेजश्रीनं आपल्या मळ्यातल्या गव्हाची एक पिशवी आणि रिबेकानं उरलेला भोपळा दिला. पाळकसाहेबांनी, मनाला काहीतरी लागून राहिलं असावं, ती कोंबडीही दिली. वास्तुशांतीला ती चालणार नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. साहेबांच्या आलं असावं, पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी गटाची बैठक झाली आणि त्यात एकमतानं ठरलं, की श्री. दानिएल ओहोळ यांनी रेशनच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, भिंत, जमीन, छप्पर यांत सुधारणा सुचवायची नाही, आणि धान्याच्या ट्रकशी बोलायचं नाही. मी दारातून म्हणालो की निदान मला बाजू मांडू द्या. तेजश्री म्हणाली, "काका, तुम्ही गटाचं सभासद न्हाई." सरकार आणि बायको या दोघांनी मला एकाच कारणासाठी नाकारलं, आणि दाद मागायला तिसरं कुणी नव्हतं.

वाटपाच्या दिवशी वाडी सकाळपासून जमली. पुढची भिंत फोडून गटाला वेगळं दार दिलेलं, माझा किराणा बाजूच्या अर्ध्या भागात. मी उंबऱ्याच्या बाहेर, ठरावाच्या अंतरावर उभा राहून बघत होतो. पहिल्या बिबीजान. अंगठा मशीनवर ठेवला, नाही घेतला. शेणानं आणि कांद्यानं घासलेला तो अंगठा. पदरानं पुसला, पुन्हा ठेवला, नाही घेतला. रिबेकानं तो अंगठा आपल्या तळहातात धरून जरा चोळला, ऊब आणली आणि मशीनवर ठेवला. मशीनमधली बाई बोलली. काट्यावर गहू पडला. बिबीजाननं पिशवी उचलली आणि ती घेऊन पंधरा पावलांवरच्या आपल्या घराकडं निघाल्या, पट्टीच्या पायानं, सावकाश, कुठंही न थांबता. मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, रांगेत मधी उभं राहू नका," रिबेका आतून म्हणाली.

मी बाजूला झालो. तेवढ्यात माझ्या मागं, 'बेथेल किराणा'च्या फळीवर, कुणीतरी नाणं वाजवलं. वळून पाहिलं तर गव्हाच्या पिशव्या खाली ठेवून बायका उभ्या, कुणाला तेल हवं, कुणाला मीठ, एकीला साबण. फळीच्या आत कुणीच नव्हतं.

"दुकानदार कुठं गेला म्हनायचा?" मागची एक जण वैतागून म्हणाली. "दुकान टाकून असं रडत फिरत्यात व्हय?"

"आलो, आलो," मी म्हणालो, आणि नव्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत फळीखालून वाकून आत शिरलो.